सहाशेंतली एक: सत्तरीची लँड क्रूझर ७९ घेण्याआधी

ऑस्ट्रेलियात २०२१ साली टोयोटाने लँड क्रूझर ७० मालिकेची सत्तराव्या वर्धापनदिनाची आवृत्ती काढली. मोजून ६०० गाड्या. त्यात ‘७९’ या मॉडेलच्या सिंगल कॅब आणि डबल कॅब, आणि थोड्या ‘७६’ मॉडेलच्या वॅगन. निमित्त असं की १ ऑगस्ट १९५१ ला टोयोटाची ‘बीजे’ जीप आली आणि १९५४ पासून तिलाच लँड क्रूझर म्हणू लागले. आता या ६००पैकी गाड्या सेकंडहँड बाजारात येतात आणि विकणारा पहिल्या वाक्यातच आकडा ऐकवतो. आकडा खरा आहे. पण त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे माहीत असलेलं बरं.

मिळतं ते असं: समोर जुन्या पद्धतीची जाळी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत टोयोटाचं नाव, काळा बंपर, काळे फेंडर फ्लेअर, काळ्या रंगाची १६ इंची अलॉय चाकं, एलईडी हेडलाइट आणि फॉगलाइट, बाहेर वर्धापनदिनाचा बिल्ला. आत काळी प्रीमियम सीट, लेदर गुंडाळलेलं स्टिअरिंग आणि गिअरची मूठ, डॅशबोर्डवर लाकडी छापाची पट्टी, दोन कपहोल्डर, दोन यूएसबी. रंग तीन: मर्लो रेड, फ्रेंच व्हॅनिला, सँडी टोप.

इंजिन, गिअरबॉक्स, चॅसिस, अ‍ॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक यांत नट-बोल्टाचाही फरक नाही. तीच साडेचार लिटरची व्ही-८ टर्बो डिझेल, १५१ किलोवॅट आणि ४३० न्यूटन-मीटर, तोच पाच गिअरचा मॅन्युअल. म्हणजे त्या काळातल्या जीएक्सएल या वरच्या ग्रेडच्या मॉडेलला जी दुखणी होती ती सगळी या सहाशेंनाही आहेत, फक्त लाकडी पट्टीसकट. म्हणून ही गाडी बघायला जाताना बिल्ला शेवटी बघा. आधी बॉनेट उघडा, मग खाली झोपा.

बिल्ल्याचं मात्र एकदाच उरकून टाकू. तशी जाळी आणि तसे बिल्ले बाजारात सुटे मिळतात. शिवाय २०२३च्या बदलानंतर ७० मालिकेला जुन्या वळणाचाच चेहरा आला, त्यामुळे नुसतं तोंड बघून काही सिद्ध होत नाही. चॅसिस नंबर घेऊन टोयोटाच्या डीलरकडे जा आणि ती गाडी मुळात कोणत्या ग्रेडची व कोणत्या रंगाची म्हणून गेली ते त्यांच्या नोंदीतून बघून घ्या. डिझेल व्ही-८ यूटचा (मागे ट्रे असलेल्या पिकअपचा) मॉडेल कोड व्हीडीजे७९आर असतो. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत २ डॉलर भरून कर्ज, चोरी आणि ‘राइट-ऑफ’चा, म्हणजे विम्याने गाडी बाद ठरवल्याचा, इतिहास कळतो. एवढी महाग गाडी घेताना हे २ डॉलर वाचवणारे लोकही आहेत, म्हणून सांगितलं.

आणखी एक. ७९ ही ऑस्ट्रेलियात कॅब-चॅसिस म्हणून विकली जाते, म्हणजे मागचा ट्रे गाडीबरोबर येतच नाही. तो वेगळा घेऊन बसवलेला. तेव्हा “ट्रेसुद्धा स्पेशल एडिशनचा आहे” असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या गाडीकडे वळावं.

सिंगल की डबल, यात एक गोष्ट बरेचजण विसरतात. २०१६ साली अ‍ॅनकॅपचे (अपघात-सुरक्षेच्या चाचणीचे) पाच तारे मिळाले ते फक्त सिंगल कॅबला. तिला पडद्यासारख्या बाजूच्या आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या एअरबॅगा आहेत. डबल कॅबला पुढच्या दोनच. मुलाबाळांना मागे बसवायचं असेल तर नेमकी हीच घेतली जाते, आणि नेमकी हीच कमी सुरक्षित. सत्तरीच्या आवृत्तीने यात काही बदललेलं नाही.

धूळ आत गेली का

या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी नाही, चढ नाही, ओझंही नाही. धूळ. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात ‘बुलडस्ट’ म्हणतात ती टाल्कम पावडरीइतकी बारीक असते. ती फिल्टरला वळसा घालून इंजिनात शिरली की टर्बोची पाती, सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा घासल्या जातात. तिथल्या मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘डस्ट’ झालं. डस्ट झालेली व्ही-८ छान चालते, महिनोन् महिने. मग ऑइल पिऊ लागते, ऑइलच्या झाकणातून धूर भकाभका येऊ लागतो आणि दुरुस्तीचा अंदाज ऐकून खाली बसावं लागतं.

धूळ शिरते ती तीन वाटांनी. पहिली वाट स्नॉर्केल. कंपनीचं स्नॉर्केल हे ‘उंचावरून हवा घेण्यासाठी’ आहे. त्याचे सांधे हवाबंद केलेले नसतात. फेंडरच्या आत जिथे नळी एअरबॉक्सला, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याला, मिळते तिथे फट असते, आणि चाकाने उडवलेली धूळ नेमकी तिथेच फिरत असते. ही धूळ फिल्टरच्या अलीकडची असल्यामुळे लगेच जीव जात नाही, पण फिल्टर दुप्पट वेगाने भरतो, आणि नाल्यात मात्र तिथूनच पाणी ओढलं जातं. दुसरी वाट एअरबॉक्सचं झाकण. क्लिपा सैल झाल्या, झाकण किंचित वाकलं, किंवा स्वस्तातला फिल्टर बसवला आणि त्याची रबरी कड नीट दबली नाही, की धूळ फिल्टरच्या बाजूने सरळ पलीकडे. तिसरी वाट फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी: तिचा क्लॅम्प सैल, किंवा रबराला पिळाच्या खोबणीत बारीक तडा.

तपासायला हत्यार लागत नाही. एअरबॉक्सच्या क्लिपा काढा, फिल्टर बाहेर काढा आणि तो ठेवला होता त्याच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडच्या, बाजूला पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. मग एअरफ्लो सेन्सरच्या पुढची नळी सोडवून आत तेच करा. फडकं पांढरंच राहायला हवं, किंवा फार तर तेलाचा हलका पिवळा डाग. लालसर-तपकिरी रेघ उठली आणि बोटांमध्ये चोळल्यावर खरखर लागली, तर गाडी तिथेच सोडा. विकणारा म्हणेल, “सगळ्यांत थोडी असतेच.” नसते.

शंका राहिली तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. रिपोर्टमध्ये सिलिकॉनबरोबर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमही चढलेलं असेल तर धूळ आत जाऊन घासत आहे. एकटं सिलिकॉन चढलेलं असेल तर कदाचित नुकत्याच लावलेल्या गॅस्केट-सीलंटचं असू शकतं, म्हणून तिन्ही आकडे एकत्र वाचायचे.

गाडी घेतल्यावर पहिल्या शनिवारी करायचं काम हेच. स्नॉर्केलचे सांधे उघडून, साफ करून सीलंटने बंद करा. एअरबॉक्सच्या तळाशी बदकाच्या चोचीसारखं रबरी झडपेचं तोंड असतं, ते फाटलं नाही ना बघा. त्यातून पाणी बाहेर पडायला हवं, धूळ आत यायला नको. फिल्टर ओरिजिनल वापरा आणि त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी उघडल्यावर ग्रीसवर अखंड ठसा दिसला तर सील बसतंय. जिथे ठसा तुटलेला आणि धूळ चिकटलेली, तिथून गळती. आणि फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून पुन्हा पुन्हा वापरू नका. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. नवा फिल्टर आणि नवं इंजिन यांच्या किमतीतला फरक सांगायला नको.

बॉनेट उघडंच आहे तर अल्टरनेटर बघून घ्या. या व्ही-८मध्ये तो इंजिनाच्या अगदी खाली बसवलेला आहे, चिखल आणि पाणी आधी त्यालाच भेटतं. केप यॉर्कच्या ओल्ड टेलिग्राफ ट्रॅकसारख्या वाटेवर दोन-चार नाले ओलांडले की ब्रश आणि बेअरिंगमध्ये गाळ जातो. इंजिन चालू करून हेडलाइट, एसी, पंखा सगळं लावा आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा: १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास हवं. १३च्या खाली उतरत असेल किंवा खालून कर्रकर्र आवाज येत असेल तर अल्टरनेटरचे दिवस भरले. तो इंजिनाच्या वरच्या बाजूला उचलून बसवण्याची किट मिळतात. वर्षातून एकदाच पाण्यात जाणाऱ्याला तेवढ्याची गरज नाही. चिखलाचं पत्र्याचं झाकण आणि नाल्यानंतर स्वच्छ पाण्याने धुणं पुरतं.

पाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. ती डिफच्या (डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधला दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) ब्रीदरची, म्हणजे हवा ये-जा करायची, नळी शाबूत असेल तर. लांब रस्ता कापून तापलेला डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तपासायचं असं: डिफचा भरायचा बोल्ट सोडून करंगळी आत घाला. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. पुढचा, मागचा, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, चारही बघा. नाल्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून डिफ निवू देणं हा फुकटातला उपाय आहे.

डीपीएफ आणि वाळलेलं गवत

२०१६च्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियातल्या व्ही-८ ७० मालिकेला युरो ५ या धुराच्या नियमासाठी डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, आला. सत्तरीच्या सगळ्या गाड्यांना तो आहे. आता गंमत अशी की सहाशेंतली एक म्हणून जपून ठेवलेली, आठवड्यातून एकदा दुकानापर्यंत नेलेली गाडी या बाबतीत रोज राबलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. डीपीएफमधली काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि पाच किलोमीटरच्या फेरीत तो तापत नाही. काजळी साठते, गाडी जास्तीचं डिझेल टाकून ती जाळायला बघते, तेवढ्यात तुम्ही किल्ली फिरवून बंद करता. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर समजा हेच चाललंय. ऑइल वाढलेलं बघून खूश होऊ नका.

कमी किलोमीटर झालेली गाडी असेल तर विकणाऱ्याला सांगून तीस-चाळीस मिनिटं हायवेवर चालवा. डीपीएफचा दिवा लागतो का, ताकद कमी होते का, बघा. डॅशवर हाताने बर्न, म्हणजे काजळी जाळणं, सुरू करण्याचं बटण आहे. दिवा लागल्यावर सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करून ते दाबायचं आणि बर्न संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. अर्ध्या तासापर्यंत वेळ धरा. ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. स्वस्त ऑइलची राख डीपीएफमध्ये जमते आणि ती कोणत्याही बर्नने जळत नाही.

‘मोकळी जागा’ म्हणजे गवत नसलेली जागा. हे अधोरेखित करतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पश्चिम भागात स्पिनिफेक्स नावाचं राळेने भरलेलं काटेरी गवत असतं. मधोमध गवत वाढलेल्या कच्च्या वाटेवरून गेलं की ते गाडीखाली अडकत जातं: गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरवर, बॅश प्लेटच्या आत आणि एक्झॉस्टच्या नळीभोवती. डीपीएफ तापला की पेट घेतं. अशा गाड्या तिकडे दरवर्षी जळतात. गवताळ वाटेवर ठरावीक अंतराने थांबायचं, खाली वाकून बघायचं, टोक वाकवलेल्या तारेने गवत ओढून काढायचं आणि फवारणीचा पाण्याने भरलेला पंप हाताशी ठेवायचा. अग्निशामक सिलिंडर मागच्या सामानाखाली पुरून ठेवला तर त्याचा उपयोग नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळ हवा. तेच गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत बसतं आणि भर उन्हात तापमान चढतं. रेडिएटरसमोर बारीक जाळी बांधा, रोज संध्याकाळी झाडा.

खाली झोपल्यावर

आधी पुढची चाकं. ७९ला पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहेत, पुढे कॉइल, मागे पाटे. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी गोळा दिसतो, त्यावर स्टिअरिंगचं हाउसिंग फिरतं. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर असणं ठीक आहे, तो तसा राहावा म्हणूनच फेल्टचं सील असतं. पण काळं, पातळ, वाहणारं कालवण चाकाच्या आत आणि टायरच्या भिंतीवर उडालेलं दिसलं, तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय. डिफचं ऑइल गोळ्यातल्या ग्रीसमध्ये मिसळतंय. दोन्ही बाजूंचं काम एकदमच करायचं. एका बाजूचं केलं की सहा महिन्यांत दुसरी बाजू हाक मारते.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर ब्रेक दाबून ठेवायला एकाला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. नाही थांबली तर किंगपिनचं, म्हणजे स्टिअरिंगचं हाउसिंग ज्या खिळ्यावर फिरतं त्याचं, बेअरिंग. व्हील बेअरिंग साधारण ४०,००० किलोमीटरला उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरून बसवावी लागतात. हबच्या नटाला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून फिरवलेले नट या गाड्यांत बरेच सापडतात. नटाच्या कडा चेपलेल्या दिसल्या की आधीच्या मेकॅनिकची ओळख पटते. नट आवळून चाक दोन्ही बाजूंना फिरवायचं म्हणजे बेअरिंग बसतं, मग सैल सोडून हलका ताण देत पुन्हा आवळायचा, लॉकची पाकळी दुमडायची. फार आवळलं तर बेअरिंग तापून निळं पडतं, सैल सोडलं तर खड्ड्यांच्या रस्त्यावर रोलर ठोकर खातात. वीस किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर पुन्हा उघडा.

ताशी ७०-८०ला एखादा खड्डा लागला आणि पुढचा भाग थरथरू लागला, स्टिअरिंग हातात नाचू लागलं, तर बरेचजण स्टिअरिंग डँपर बदलून मोकळे होतात. डँपर हे दुखणं झाकतो, बरं करत नाही. क्रम असा: टायरचं बॅलन्सिंग आणि हवा, मग पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, मग किंगपिनचा ताण, मग व्हील बेअरिंग. नवा कोरा डँपर बसवलेली गाडी विकायला दिसली तर आधी तो सोडून चालवून बघण्याची मागणी करा.

मागे या. इथे ७९चं प्रसिद्ध व्यंग आहे. २००७ साली रुंद व्ही-८ बसवायला पुढचा चॅसिस आणि अ‍ॅक्सल रुंद केला, मागचा तसाच ठेवला. त्यामुळे मागची चाकं पुढच्यांपेक्षा ९५ मिलिमीटरने जवळ आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेपाच सेंटिमीटर आत. डांबरावर कळत नाही. सिम्पसन वाळवंटाच्या टेकड्यांवर कळतं: पुढच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीत मागची चाकं पूर्ण बसत नाहीत, त्यांना स्वतःची नवी चाकोरी कोरावी लागते. ताकद जाते, डिझेल जातं, आणि तिरप्या चाकोरीत मागचा भाग घसरतो. उपाय तीन. मागे बाहेरच्या बाजूला येतील अशा ऑफसेटची चाकं, राज्याच्या नियमात बसतील तेवढीच. स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती), जे बहुतेक राज्यांत बेकायदा आहेत, तेव्हा ते लावलेली गाडी दिसली तर काढायला लावा. आणि रुंद अ‍ॅक्सल हाउसिंग बदलून घेणं, जे खरं आणि महाग उत्तर आहे. तेही विकत घेतलेलं असेल तर इंजिनीअरचा दाखला मागा. वर्षातून एकदा वाळूत जाणाऱ्याने हे काही न करता टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणावी. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

खरं तर हवा कमी करणं हेच या गाडीचं सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन. गिब रिव्हर रोडसारख्या, पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्यावर डांबरावरची ३८-४० पीएसआय ठेवून गेलं की शॉक अ‍ॅब्झॉर्बर उकळतात, आतलं तेल फेसाळतं आणि सील फुटतं. बॅटरीचे कप्पे हलतात, ट्रेचे वेल्ड तडकतात. २६ ते २८वर आणा आणि वेग ताशी ८०च्या खाली ठेवा. हवा कमी करून वेग तोच ठेवला तर टायरची भिंत तापून फाटते, दोन्ही एकत्रच करायचं. शॉकला कधी कधी थांबून हात लावून बघा: एक तापलेला आणि शेजारचा थंड असेल तर थंडवाला काम करत नाहीये.

आता चॅसिस. इथे टॉर्च हवा आणि घाई नको. मागच्या पाट्यांच्या पुढच्या आणि मागच्या हँगरच्या आसपास, कॅबच्या लगेच मागे, आणि बंप स्टॉप जिथे आपटतो तिथे रंगाला केसासारखी रेघ दिसते का बघा. रेघेतून गंज पाझरलेला असेल तर तो तडा. ताजा काळा रंग फक्त त्याच जागी मारलेला असेल तर तेही उत्तरच आहे.

तडे का जातात ते वजनाच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब विकणारा कधीच सांगत नाही. २०२१च्या डबल कॅबचं जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं कमाल मान्य वजन, ३,३०० किलो. (३,५१० झालं ते २०२२मधल्या बदलानंतर, जाहिरातीत सर्रास तो आकडा चिकटवतात.) रिकामी कॅब-चॅसिस साधारण २,२०० किलोची धरली तर हातात राहतात ११००. आता मांडा: ट्रे आणि कॅनॉपी (ट्रेवरचा बंद डबा) ३००, बुलबार ६०, विंच ३५, दुसरी बॅटरी ३०, ड्रॉवर आणि फ्रिज १००, पाणी ६०, छतावरचा तंबू ६०, जादा स्पेअर टायर ४०, चार माणसं ३००, सामान ८०. झाले १,०६५. अजून कॅरॅव्हॅन जोडलेली नाही. तिचा टोबॉलवरचा (मागच्या जोडणीच्या गोळ्यावरचा) भार ३५० धरला की जीव्हीएमच्या ३१५ किलो वर गेलात.

आणि हा ३५० किलोचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर ३५०च पडत नाही. टोबॉल अ‍ॅक्सलच्या सुमारे १.३ मीटर मागे, व्हीलबेस ३.१८ मीटर. तराजूच्या दांडीसारखं पुढचं चाक उचललं जातं: पुढून जवळजवळ १४० किलो निघून मागे येतात, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर पडतात ४९० च्या वर. मग मागचा भाग बसतो, म्हणून लोक पाटे आणि चॅसिस यांच्यामध्ये एअरबॅग (सस्पेन्शनला आधार देणारे हवेचे फुगे) बसवतात. गाडी दिसायला सरळ होते. पण आधी पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार आता चॅसिसच्या मधल्या एका जागी येतो, आणि मागे लोंबणारं ओझं त्या जागेवर चॅसिसला वाकवतं. वाकलेली यूट अशीच तयार होते. ओझं जास्त असेल तर जड पाटे आणि दाखल्यासकट जीव्हीएम अपग्रेड. पहिल्या नोंदणीआधी केलेलं देशभर चालतं, नंतरचं राज्याच्या नियमाने दाखला घेऊन. एअरबॅगच्या खुणा दिसल्या, तर तडे शोधायला अजून अर्धा तास द्या.

नक्की वजन हवं असेल तर वजनकाट्यावर न्या. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. पावती मागून घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी हाच हिशेब तुमच्याकडे मागते.

डिफ लॉक, म्हणजे अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ, पुढे-मागे दोन्ही आहेत. जपून ठेवलेल्या गाडीत ते वर्षानुवर्षं न वापरल्याने अडकतात. खडी किंवा मातीवर लो रेंजमध्ये घालून आधी मागचा, मग पुढचा लावा. डॅशवरचा दिवा आधी लुकलुकतो आणि लॉक बसला की स्थिर होतो. थोडं पुढे-मागे केल्यावरही लुकलुकतच राहिला तर अ‍ॅक्च्युएटर किंवा त्याची वायर. डांबरावर हा प्रयोग करू नका. क्लचसाठी चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय, आणि बहुधा इंजिनाचं ट्यूनिंग करून टॉर्क वाढवलेला आहे. तसं ट्यूनिंग कोणी केलं असेल तर गाडी ‘स्पेशल’ आहे पण वेगळ्या अर्थाने.

गंज पुढच्या काचेच्या रबराखाली आणि छताच्या पन्हळीत शोधा. रबर बोटाने उचललं की बारीक वाळू निघाली तर ती ओल धरून बसलेली असते. कगारीच्या (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) वाळूच्या किनाऱ्यावर फिरवलेली गाडी असेल तर ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि चॅसिसच्या आतली पोकळी बघितल्याशिवाय किमतीवर बोलू नका.

व्यवहार झाला, गाडी दारात आली, की सर्व्हिसचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. मागच्या मालकाच्या पुस्तकात शिक्के असले तरी पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, दोन्ही डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसचं ऑइल आणि डिझेल फिल्टर बदलाच. आठ कॉमन-रेल इंजेक्टर आहेत, डिझेलमधल्या पाण्याने ते एकेक करून जातात. म्हणून ओरिजिनल फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारा दुसरा फिल्टर बसवणं परवडतं. टाकी १३० लिटरची आहे, एकदा खराब डिझेल भरलं की ते हजार किलोमीटर तुमच्याबरोबर येतं.

शेवटी ग्रीसगन. पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला निप्पल आहे, तिथे जुनं ग्रीस चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत मारायचं. शाफ्टच्या सरकत्या भागालाही एक निप्पल असतं. तिथे मात्र दोन-तीन पंप, बस. तिथे ठासून भरलं की आतलं ग्रीस दाबलं जाऊन शाफ्ट लांबल्यासारखा होतो आणि खड्ड्यात अ‍ॅक्सल वर आला की तो धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर बसतो. तिथलं सील गळायला लागलेलं दिसलं तर आधी निप्पल काढून ग्रीसचा दाब सोडा, मग सील बदला.